टपालाने औषधोपचार
एडिंबरोचे नामांकित डॉक्टर विल्यम कलन (१७१०–१७९०) यांनी आपल्या अनेक रुग्णांचे तोंडही कधी पाहिले नाही. रुग्ण किंवा त्याचा गावातला डॉक्टर दुखणे सविस्तर लिहून कळवी. उलट टपाली औषध, पथ्य, व्यायाम सारे येई. नाडी बघायची सोय नव्हती. पण त्या काळी निदानाची भिस्त रुग्णाने सांगितलेल्या हकिगतीवरच असे, त्यामुळे कोणाला ते वावगे वाटत नसे. १७८१ पासून कलन जेम्स वॉटच्या (होय, वाफेच्या इंजिनवाल्याच!) नक्कलयंत्रावर उत्तरांच्या प्रती काढून ठेवू लागले. १७८४ मध्ये कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांच्या दम्यासाठी त्यांचे मित्र बॉस्वेल यांनीही पत्रानेच कलन यांचा सल्ला मागितला. ही हजारो पत्रे एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे जपलेली असून आता इंटरनेटवरही वाचता येतात.