खिशातला कांदा आणि डीजेसमोरचं ऊन

१४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरात दिवसा निळ्या झेंड्यांची मिरवणूक असते. जयंतीच्या दिवसांत भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात, कुठे कव्वालीचा मुकाबलाही लागतो. आसपासच्या खेड्यांतली कितीतरी पोरं-पोरी दहावी-बारावीची परीक्षा उरकून पहिल्यांदाच मित्रमंडळींसोबत दिवसभर बाहेर पडतात. निघताना घरचे, शेजारचे आणि मोबाइलवरचे सल्ले मिळतातच. त्यातले काही खरोखर उपयोगी असतात, तर काही भलत्या वेळी घात करतात.

गैरसमज : आपण घाटावरचे, खरं ऊन घाटाखालच्या खामगाव-शेगावला.

वस्तुस्थिती : घाटाखाली पारा जास्त चढतो, हे बरोबर. पण हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीत मोजलेला असतो. डांबरी रस्त्यावर, माथ्यावर ऊन घेत, शेकडो माणसांत नाचणाऱ्याचा हिशेब वेगळा. आपल्या अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून तापली की वारा अंगाला गार करण्याऐवजी तापवू लागतो. मग उरतो एकच मार्ग : घाम येणं आणि तो वाळणं. गर्दीत वारा अडतो, घाम वाळत नाही, आणि नाचणारे स्नायू आतून उष्णता तयार करतच राहतात. त्यामुळे चाळीस अंशांत झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यापेक्षा अडतीस अंशांत नाचणारा अठरा वर्षांचा पोरगा जास्त धोक्यात असू शकतो.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक उघड्यावर बसले होते. त्या दिवशी तिथला पारा ३८ अंशांच्या आसपास होता. विदर्भातला माणूस त्याला ऊन म्हणणार नाही. तरीही उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून घाम लवकर वाळतो. याच तत्त्वावर आपला कूलर चालतो. पण कूलरची टाकी रिकामी झाली की तोही गरम हवाच फेकतो. पाणी न पिता नाचणाऱ्याचं तेच होतं.

गैरसमज : खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही.

वस्तुस्थिती : खिशातला कांदा अंगातली उष्णता शोषून घेत नाही. तो भाकरीसोबत खावा, चांगला लागतो. पण त्याच्या भरवशावर डोकं उघडं ठेवू नये. उपयोग होतो तो पांढऱ्या सुती उपरण्याचा किंवा दुपट्ट्याचा. तो ओला करून डोक्यावर आणि मानेवर घ्यावा, वाळला की पुन्हा भिजवावा. जयंतीसाठी घेतलेला नवा शर्ट नायलॉन-पॉलिस्टरचा असेल तर तो संध्याकाळी घाला. नवी चप्पल मात्र दोन्ही वेळा टाळा. तापल्या डांबरावर पायाला फोड आले की गर्दीतून बाहेर पडणंही अवघड होतं.

गैरसमज : तहान लागली की पाणी प्यायचं, आणि जितकं जास्त तितकं चांगलं.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. नाचण्याच्या नादात तहान उशिरा जाणवते, म्हणून थोड्या-थोड्या वेळाने घोटभर पाणी घेत राहावं. उलट, दिवसभर घाम गाळून नुसतं साधं पाणी लिटरमागून लिटर ढोसलं, तर रक्तातलं मीठ कमी होऊन मळमळ, डोकेदुखी आणि भ्रमही होऊ शकतो. मिठाचं ताक, लिंबू-साखर-मिठाचं सरबत, पन्हं हे उत्तम. ओआरएसची मोठी पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायची. अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने टाकायची नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. दुकानातल्या गोड पेयांच्या डब्यांना ओआरएस समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांवर हे नाव छापायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती याच घोळामुळे. दारू-बिअरने लघवी वाढते आणि आपल्याला त्रास होतोय हे कळेनासं होतं. सकाळी उपाशीपोटी निघू नका.

गैरसमज : तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं की माणूस दगावतो.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत घातक, कारण तो उपचारच थांबवतो. उष्माघातात अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो, चिडतो, बेशुद्ध पडतो. अशा वेळी लवकर गार करणं हाच उपचार. सावलीत न्या, जास्तीचे कपडे काढा, अंगभर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघेत ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. गाडी येईपर्यंत नुसतं थांबून राहू नका. पहिला अर्धा तास फार मोलाचा असतो. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे कामाची नाही, कारण हा ताप जंतूंमुळे आलेला नसतो. आणि ‘घाम येतोय, म्हणजे उष्माघात नाही’ हेही खरं नाही. नाचून-धावून झालेल्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं. ओळखायची खूण म्हणजे वागण्या-बोलण्यातला बदल.

गैरसमज : रात्रीच्या कार्यक्रमाला उन्हाची काय भीती?

वस्तुस्थिती : दिवसभर तापलेलं डांबर आणि सिमेंट सूर्य मावळल्यावरही उष्णता सोडत राहतं. शिवाय दुपारी कमी झालेलं पाणी रात्री आपोआप भरून निघत नाही. मिरवणूक आणि कार्यक्रम दोन्ही करायचे असतील, तर मधे घरी किंवा ओळखीच्यांकडे दोन-तीन तास सावलीत पडा, जेवा, पाणी प्या. वर्षभर पंख्याखाली अभ्यास केलेल्याने आठवडाभर आधीपासून रोज थोडा वेळ कोवळ्या उन्हात चालावं. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात.

गैरसमज : डीजेने कान बसले तरी दोन दिवसांत मोकळे होतात.

वस्तुस्थिती : आवाज कमी ऐकू येणं किंवा कानात शिट्टी वाजणं पुष्कळदा ओसरतं, पण कानाच्या आतल्या नाजूक पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी १०० डेसिबलची सरासरी मर्यादा सुचवली. भिंतीसारख्या रचलेल्या स्पीकरसमोर ती सहज ओलांडली जाते. कापसाचा बोळा पुरत नाही. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे घाला आणि स्पीकरपासून लांब नाचा. लहान मुलांना खांद्यावर घेऊन तिथे नेऊ नका.

रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारून घ्या. यातल्या काही औषधांनी ऊन जास्त बाधतं. आणि एकटं जाऊ नका. उष्माघात झालेल्याला स्वतःला तो कळत नाही, सोबत्यालाच कळतो. म्हणून घोळक्यात जोड्या ठरवा. आपला जोडीदार भलतंच बोलायला लागला, तर गाणं कितीही रंगात असू द्या, त्याला हाताला धरून सावलीत आणा.