झाडावरची म्हणून बिनविषारी?

डिसेंबर २०२५मध्ये कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यानं बजावलं, की रानातली अळंबी खाऊच नका. निमित्त होतं ‘डेथ कॅप’ या विषारी अळंबीचं. ती ओकच्या मुळांपाशी मातीतून वर येते. त्यावर हौशी मंडळींचं ठरलेलं उत्तर असतं: जमिनीवरची सोडा, लाकडावरची बिनधास्त खा. हा समज जीवघेणा आहे.

आपल्याकडे अळंबी म्हणजे पावसाळा. युरोप-अमेरिकेत मात्र ऐन थंडीत, रान उघडंबोडकं असताना, वठलेल्या एल्मवर केशरी, बुळबुळीत टोप्यांचे घोस फुटतात. ही ‘व्हेल्वेट शँक’. थंडीत गोठून कडक होते, हवा उबदार झाली की पुन्हा बीजाणू सोडू लागते. पुण्या-मुंबईच्या बड्या दुकानांत मिळणारी पांढरी, लांबुडकी ‘एनोकी’ तिच्याच कुळातली.

आणि तशाच कुजक्या ओंडक्यावर, तपकिरी टोपी घालून, ‘गॅलेरिना मार्जिनाटा’ही उगवते. डेथ कॅपमधलंच अमाटॉक्सिन हिच्यातही असतं. डिसेंबर १९८१मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या व्हिडबी बेटावर तीन मुलांनी ती नशेची अळंबी समजून खाल्ली. त्यांतली १६ वर्षांची मुलगी दगावली. हे विष सहसा सहा ते चोवीस तास दाद लागू देत नाही. मग उलट्या-जुलाब, मग फसवा उतार. तोवर यकृताची वाट लागलेली असते.

गॅलेरिनाच्या देठाला पातळ कडं असतं, पण ते गळूनही जातं. व्हेल्वेट शँकला कडं नसतंच. तिचा देठ खालून काळपट, मखमली. एवढ्यावर विसंबू नये. टोपी कागदावर पालथी ठेवून वर वाटी झाकायची. सकाळी बीजाणूंचा ठसा पांढरा उमटला तर ती गॅलेरिना नव्हे. तिचा ठसा गंजासारखा तपकिरी. (कागद अर्धा काळा घ्या, पांढऱ्यावर पांढरं दिसायचं कसं?) अर्थात पांढरा ठसा म्हणजे खायचा परवाना नव्हे, डेथ कॅपचाही पांढराच असतो. शिवाय एकाच ओंडक्यावर व्हेल्वेट शँक आणि गॅलेरिना दोन्ही असू शकतात, म्हणून घोसातली प्रत्येक अळंबी तपासावी लागते.

फोटोवरून ओळख सांगणाऱ्या अॅपला हे कुठून कळणार? ऑस्ट्रेलियात २०२३मध्ये तीन अॅप तपासली गेली, तेव्हा सर्वांत सरस ठरलेल्यालाही जेमतेम निम्म्याच अळंबी ओळखता आल्या. नाव सुचवायला हरकत नाही. पण ‘खाण्याजोगी’ हा शिक्का तरी अॅपवाल्यांनी ताबडतोब काढून टाकावा.