पॅच मारायचा की चिपच बदलायची?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, "दादा, अपडेट मारलं की सगळे बग जातात ना?" नाही जात. बग कुठे बसलाय, त्यावर ठरतं.

१९९४ची गोष्ट. अमेरिकेत थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक मूळ संख्यांवर काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं, इंटेलची पेंटियम चिप भागाकारच चुकवतेय! ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ केलं तर १.३३३८ यायला हवं, पेंटियम सांगायची १.३३३७. भागाकारासाठी चिपमध्ये एक तक्ता कोरलेला असतो, त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. कोरलेलं कसं खोडणार? चुकणारे आकडे ओळखून वळसा घालणारे सॉफ्टवेअर पॅच निघाले, पण ते प्रत्येक प्रोग्रॅममध्ये बसवणार कोण? इंटेलचं आधी म्हणणं, तुम्हाला खरंच गरज आहे हे पटवा, मग बदलून देऊ. लोक भडकले. (भडकणारच ना, पैसे पूर्ण घेतले होते!) शेवटी डिसेंबरात मागेल त्याला फुकट चिप द्यायचं ठरलं. त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

पुढे पेंटियम प्रोपासून चिपच्या आतल्या सूचना, म्हणजे मायक्रोकोड, कॉम्प्युटर सुरू होताना दुरुस्त करता यायला लागला. मग सुटलो? छे! २०२४ मध्ये इंटेलच्याच १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप चिप जास्त व्होल्टेज ओढून हळूहळू खराब होत होत्या. मायक्रोकोडच्या अपडेटने ते व्होल्टेज आवरलं, पण आधीच झिजलेली चिप काही त्याने बरी होत नाही. ती बदलूनच घ्यावी लागते. कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, ती त्यासाठीच.

आता तुमच्या खिशातला फोन. २०१९ मध्ये 'चेकमेट' नावाची पळवाट बाहेर आली. आयफोन ४एसपासून आयफोन एक्सपर्यंत सगळे त्यात सापडले. फोन चालू होताना सर्वांत आधी जो कोड धावतो, तो बूटरॉम, कारखान्यातच चिपमध्ये पक्का होतो. ॲपलने कितीही अपडेट पाठवले तरी तिथे हात पोचत नाही.

लगेच घाबरू नका. इंटरनेटवरून हे जमत नाही, फोन हातात घेऊन केबल लावावी लागते, आणि रीस्टार्टनंतर त्याचा असर राहत नाही. पण सेकंडहँड आयफोन ८ किंवा एक्स स्वस्तात मिळतोय म्हणून घेणार असाल, तर हे भोक त्यात कायमचं आहे असं धरूनच भाव करा. आणि रिपेअरवाल्याकडून फोन परत आला, की आधी फोर्स रीस्टार्ट मारा.