थायरॉइडची गोळी: कधी घ्यावी, दिवसातून दोनदा विभागून घ्यावी का?

"डॉक्टर, गोळी रोज घेते, एकही दिवस चुकवत नाही. तरी टीएसएच वाढलेलाच येतो." थायरॉइडच्या रुग्णांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते. अशा वेळी गोळीची मात्रा लगेच वाढवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा: गोळी घेता कधी आणि कशासोबत? कितीतरी वेळा दोष मात्रेत नसतो, वेळेत असतो.

समजा, मोताळा किंवा चिखली तालुक्यातल्या एक ताई आहेत. पहाटे पाचला उठतात, चूल पेटवतात, पहिला चहा होतो आणि त्या चहासोबतच गोळी जाते. सातला निंदणाला निघायचं असतं. गोळी रोज पोटात जाते, पण रक्तात पुरेशी पोहोचत नाही. मग मात्रा 50 वरून 75, 75 वरून 100 होते. पुढे कधीतरी चहा बंद होतो किंवा गोळीची वेळ बदलते आणि तीच 100 ची गोळी अचानक जास्त ठरते. छातीत धडधड, हात थरथरणं, झोप न लागणं सुरू होतं. मात्रा बराच काळ जास्त राहिली तर हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात.

गोळी उपाशीपोटीच का?

या गोळीत लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-4 हे संप्रेरक असतं. ते लहान आतड्यात शोषलं जातं. उपाशीपोटी घेतल्यास साधारण 60 ते 80 टक्के औषध रक्तात जातं, अन्नासोबत घेतल्यास त्याहून कमी. दूध आणि कॉफी यांनीही शोषण घटतं, म्हणून दुधाच्या चहालाही तोच नियम लावा. गोळी साध्या पाण्यासोबत घ्या आणि पुढे निदान अर्धा तास, शक्यतो एक तास, काही खाऊपिऊ नका.

पहाटे हा तास मिळत नसेल तर स्वतःला दोष देऊ नका, वेळ बदला. रात्री झोपताना, शेवटचं जेवण होऊन तीन तास झाल्यावर गोळी घेता येते. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 90 रुग्णांना काही महिने सकाळी आणि काही महिने रात्री गोळी दिली गेली. रात्रीच्या गोळीने टीएसएच अधिक चांगला आटोक्यात आला. सातला जेवून दहाला झोपणाऱ्या घरात हे सहज जमतं. रमजानच्या रोज्यातही गोळीसाठी झोपण्याची वेळ किंवा सहेरीच्या अर्धा-एक तास आधीची वेळ निवडता येते. मात्र एक वेळ ठरवली की तीच पाळा. आज सकाळी, उद्या रात्री असं करू नका.

दिवसातून दोनदा विभागून घ्यायची का?

"अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी घेतली तर दिवसभर ताकद राहील का?" टी-4 च्या गोळीसाठी उत्तर आहे: नाही, गरज नाही.

शरीरातलं टी-4 निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. घरातला मोठा रांजण डोळ्यांसमोर आणा. रोज त्यातलं साधारण दहावा हिस्सा पाणी खर्च होतं आणि तुमची गोळी तेवढंच पाणी पुन्हा भरते. ते पाणी एका वेळी ओतलं काय किंवा दोन वेळा ओतलं काय, रांजणाची पातळी फारशी हलत नाही. उलट दोनदा घ्यायची म्हटलं की दोनदा उपाशीपोट सांभाळावं लागतं आणि एक वेळ हमखास चुकते.

टी-3, म्हणजे लायोथायरोनिन, याची गोष्ट वेगळी आहे. ते दोन ते चार तासांत रक्तात सर्वोच्च पातळीला पोहोचतं आणि लवकर ओसरतं. म्हणून ते दिल्यास दिवसातून दोन-तीन वेळा विभागून देतात. पण बहुतेक रुग्णांना टी-3 लागत नाही. शरीर स्वतःच गरजेनुसार टी-4 पासून टी-3 बनवतं.

गोळी तोडून घ्यावी का?

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर चालतं. दोन तुकडे थोडे लहान-मोठे झाले तरी काही दिवसांत सरासरी जुळते. पण आठवडाभराच्या गोळ्या आधीच तोडून ठेवू नका, ओलाव्याने औषध खराब होतं. 62.5 मायक्रोग्रॅम हवं असेल तर एक दिवस 50 आणि एक दिवस 75 असंही देता येतं. ही मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची.

चार तासांचा नियम

लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीची काही औषधं या गोळीला आतड्यात बांधून ठेवतात. त्यांच्यात किमान चार तासांचं अंतर हवं. गरोदर ताईंनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण आरोग्य केंद्रातून त्यांना लोह आणि कॅल्शियम दोन्ही मिळतं. एक सोपं वेळापत्रक असं:

- सकाळी 6: थायरॉइडची गोळी, साध्या पाण्यासोबत
- दुपारी 12 ते 1, जेवणासोबत: कॅल्शियम
- दुपारी 4 ते 5: लोहाची गोळी
- रात्री 8, जेवणासोबत: कॅल्शियम

गरोदरपणात संप्रेरकाची गरज वाढते. दिवस गेल्याचं कळताच पुढच्या नेमलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना भेटा. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते. गोळी बंद तर मुळीच करू नका.

सोयाबीन आणि सेलेनियम

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन घरोघरी आहे. अनेक जण ते गव्हासोबत दळून आणतात. सोयाबीनमुळे गोळीचं शोषण कमी होऊ शकतं. ते सोडायची गरज नाही, फक्त गोळीच्या वेळेपासून दूर ठेवा. पिठात नव्याने सुरू केलं असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच तपासा.

2024 च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या काही गावांत अचानक केस गळण्याचा प्रकार घडला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातल्या जास्त सेलेनियमशी जोडला होता. थायरॉइड कमी असल्यानेही केस गळतात, पण ते हळूहळू. म्हणून केस गळले की मनाने गोळीची मात्रा वाढवू नका आणि "थायरॉइडसाठी चांगलं" म्हणून सेलेनियमच्या गोळ्याही सुरू करू नका. जास्त सेलेनियमनेच केस गळतात.

गोळी विसरलात तर?

त्याच दिवशी आठवलं तर जेवणानंतर तीन तासांनी घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर, हृदयविकार नसलेल्या बहुतेक प्रौढांना त्या दिवशी दोन गोळ्या घेता येतात. वय जास्त असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असं करू नका.

साठवण आणि तपासणी

घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगावकडे उन्हाळा कडक असतो. गोळ्यांची बाटली पत्र्याखालच्या फळीवर, चुलीजवळ किंवा गाडीत ठेवू नका. घरातल्या थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी मूळ बाटलीतच ठेवा. पायी वारीला निघताना पुरतील एवढ्या गोळ्या सोबत घ्या.

मात्रा किंवा वेळ बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी करा. रांजणाची नवी पातळी स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच. रक्त देण्याच्या सकाळी गोळी नमुना दिल्यानंतर घ्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा आणि तपासणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, नाहीतर अहवाल चुकीचा येऊ शकतो.

छातीत दुखणं, सतत धडधड, दम लागणं किंवा खूप सुस्ती येऊन भान हरपणं असं काही झालं तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: गोळी किती वाजता, चहा किती वाजता, बाकीची औषधं कोणती आणि कधी. मात्रा वाढवायची की फक्त वेळ बदलायची, हे त्या कागदावरून बऱ्याचदा कळतं.