ढोलकीवाल्याचे नाव काय?
भूगावात काय नि मुंबईत काय, भीमगीतांशिवाय जयंती होत नाही. लोककवी वामनदादा कर्डक (१९२२-२००४) स्वतः लिहीत, स्वतः गात. त्यांचे नाव समाजाने जपले. पण भीमगीतांच्या सुरुवातीच्या कॅसेटवर ढोलकी, पेटी वाजवणारे कोण होते? वेष्टनावर गायकाचा फोटो. साथीदार बहुधा बेनाम! कॉपीराइट कायद्याने वादकालाही कलावंताचा हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने; व्यावसायिक वापरावरील रॉयल्टी तर २०१२ मध्ये. ऐंशीच्या दशकातील वादकाला हातावर पडलेल्या बिदागीपलीकडे या कायद्याचा आधार नव्हता. म्हणून आमचे सांगणे एवढेच : ते साथीदार हयात आहेत तोवर वस्तीवस्तीतून त्यांची नावे लिहून घ्या. इतिहासाने आम्हाला बेनाम ठेवले. आम्ही आमच्याच माणसांना तसे ठेवू नये.