टाइप वन डायबेटिस असलेल्या मुलांची सीलिअ‍ॅक टेस्ट : गहू बंद करण्याआधी करा

आमच्या मुलीला सात वर्षांची असताना टाइप वन डायबेटिस झाला. आता ती अकरा वर्षांची आहे. न्हावा शेवा बंदराच्या कामावर चालणारं आमचं घर, शिफ्टच्या वेळा वेड्यावाकड्या, पण तिच्या इन्सुलिनच्या वेळा आम्ही कधी चुकवल्या नाहीत. गेल्या वर्षी मात्र हिशोब बिघडला. चपात्या मोजून, डोस मोजून दिला तरी जेवणानंतर तास-दीड तासात शुगर ५५, ६० वर यायची. मग दोन तासांनी उगाचच २५० च्या पुढे. उंचीही वर्गातल्या मुलींच्या मानाने कमी वाटायला लागली होती. रक्त कमी होतं, आयर्नची गोळी चार महिने घेऊनही हिमोग्लोबिन जागचं हललं नाही.

घरात सल्ला द्यायला माणसं कमी नसतात. खाला म्हणाल्या, "गहू सोसत नसेल पोरीला, बंद करून बघा." आम्ही केला. तीन महिने तांदळाची भाकरी, मासे, भात. पोट जरा शांत झालं. त्यानंतर डॉक्टरांनी सीलिअ‍ॅकची रक्ताची टेस्ट लिहून दिली, रिपोर्ट नॉर्मल आला आणि आम्ही अल्लाचे आभार मानून फाइल बंद केली. चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला : "रक्त दिलं तेव्हा ती गहू खात होती का?"

त्या एका प्रश्नामुळे हा लेख लिहितोय. ही चूक आमची एकट्याची नाही, असं नंतर बऱ्याच घरांशी बोलताना कळलं.

गव्हाचा आणि डायबेटिसचा संबंध काय?

सीलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही, अपचनही नाही. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांच्या शरीराची संरक्षण यंत्रणा ग्लूटेन पोटात गेलं की स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांच्यातून अन्न रक्तात शोषलं जातं. ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं नीट लागत नाही. लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं कमी पडतात, हाडं कच्ची राहतात, मुलं खुरटतात. मोठ्या बायकांमध्ये कधी पाळीच्या आणि गर्भ राहण्याच्या तक्रारी याच कारणाने असतात.

टाइप वन डायबेटिसमध्येही तसंच घडतं, फक्त हल्ला स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर होतो. दोन्ही आजारांचा कल ठरवणारे काही जीन एकच आहेत. म्हणून एक असलेल्याला दुसरा होण्याची शक्यता वाढते. सर्वसाधारण लोकांत सीलिअ‍ॅक साधारण शंभरात एकाला असतो, टाइप वन असलेल्यांत साधारण वीसात एकाला. साखर जास्त खाल्ली म्हणून टाइप वन झाला नाही, तसंच गहू जास्त खाल्ला म्हणून सीलिअ‍ॅक झाला असंही नाही. आईबापांनी स्वतःला दोष देणं थांबवावं. (टाइप टू, म्हणजे मोठेपणी होणारा नेहमीचा डायबेटिस, त्याचा सीलिअ‍ॅकशी असा संबंध नाही. घरातल्या दादाजींची शुगर आणि नातवाची शुगर हे वेगवेगळे आजार आहेत.)

अन्न शोषलं जाण्याचा भरवसा राहिला नाही की इन्सुलिनचा हिशोबही राहत नाही. सुई आपलं काम वेळेवर करते, अन्न मात्र उशिरा किंवा अर्धवट पोचतं. त्यातून हायपो होऊ शकतो. आमच्याकडे तेच चाललं होतं. पण बऱ्याच टाइप वन मुलांना पोटदुखी, जुलाब, काहीही नसतं. मूल ठणठणीत दिसतं आणि आतडं झिजत असतं. म्हणून त्रासाची वाट न बघता टेस्ट करायची असते. मुलांच्या डायबेटिसच्या डॉक्टरांची आंतरराष्ट्रीय संघटना इस्पॅड सांगते की टाइप वनचं निदान झाल्यावर एकदा, मग दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी ही तपासणी करावी. मधे लक्षणं दिसली तर लगेच. तुमच्या मुलाची झाली नसेल तर पुढच्या व्हिजिटला आपणहून विचारा. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही विसरतात.

आपल्याकडे हा आजार मागे पडण्याचं आणखी एक कारण आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या देशातल्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेकडे सीलिअ‍ॅक साधारण शंभरात एकाला आढळला, दक्षिणेकडे त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. उत्तरेत गहू जास्त, दक्षिणेत तांदूळ. आपण कोकणातले भात-भाकरीवाले, त्यामुळे "हे पंजाब्यांचं दुखणं" असं ऐकायला मिळतं. पण आपल्या मुलांचा डबा बघा : बिस्किट, पाव, नूडल्स, टोस्ट. भाकरी आजीच्या ताटात राहिली आहे.

टेस्टच्या आधी

पहिली टेस्ट साधी रक्ताची आहे. नाव टीटीजी-आयजीए. तिच्याबरोबर टोटल आयजीए हीसुद्धा लिहून घ्या. काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं, त्यांची टीटीजी खोटीच नॉर्मल येते. तसं निघालं तर आयजीजी प्रकारची दुसरी टेस्ट करतात. रिकाम्या पोटी जावं लागत नाही, त्यामुळे टाइप वनच्या मुलाला उपाशी ठेवू नका. उरणमधली लॅब सॅम्पल घेऊन बाहेर पाठवते की तिथेच करते, रिपोर्ट किती दिवसांत आणि किती पैशांत, हे आधी फोन करून विचारलेलं बरं.

आणि गहू चालू हवा. ही टेस्ट ग्लूटेनला शोधत नाही, ग्लूटेनविरुद्ध शरीराने उभी केलेली फौज मोजते. शत्रूच आला नाही तर फौज हळूहळू पांगते, आणि रिपोर्ट नॉर्मल दिसतो. ब्रिटनमधल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनुसार टेस्टच्या आधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणात ग्लूटेन असायला हवं. आमच्या मुलीला पुन्हा गहू सुरू करावा लागला. तीन महिन्यांनी बरं वाटायला लागलेल्या पोरीच्या ताटात आपल्या हाताने चपाती वाढणं, पोट दुखतंय म्हणून ती रडत असताना, हे आम्ही कुणालाही सांगणार नाही. सुरुवातीलाच टेस्ट केली असती तर हे टळलं असतं. तुमच्या घरात मुळातच फक्त भाकरी-भात चालत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, नाहीतर त्यांना रिपोर्टचा अर्थ लागणार नाही.

"शंभर पदार्थांची इनटॉलरन्स टेस्ट" म्हणून जी महागडी पॅकेज विकतात ती यासाठी निरुपयोगी. जीनची टेस्टही टाइप वनमध्ये फारशी कामाची नाही, कारण ते जीन बहुतेक टाइप वन मुलांत असतातच. पैसे वाचवा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लगेच घाबरू नका आणि लगेच गहूही बंद करू नका. टाइप वन नव्याने झालेल्या मुलांत टीटीजी थोडी वाढलेली दिसते आणि कधी कधी आपोआप खाली येते. थोडीच वाढ असेल तर डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा बघतात. फार जास्त असेल, म्हणजे नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या दहापट किंवा अधिक, तर मुलांमध्ये दुसऱ्या रक्ताच्या नमुन्यावर ईएमए नावाची टेस्ट करून काही वेळा बायोप्सीशिवायही निदान करतात. बाकीच्यांना एन्डोस्कोपी लागते : तोंडातून बारीक नळी घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे कणाएवढे तुकडे घेतात. मुलाला गुंगी देतात.

एन्डोस्कोपीसाठी उपाशी राहावं लागतं, म्हणून टाइप वनच्या मुलाची सकाळची पहिली वेळ मागा. लांब चालणारं बेसल इन्सुलिन उपाशीपोटीही पूर्ण बंद करायचं नसतं. किती द्यायचं हे डायबेटिसच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, फोनवर ऐकलेलं विसरतं. आम्ही परळला गेलो. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला तरी त्यावर बाइक आणि रिक्षा चालत नाही, हे लक्षात ठेवा. गाडी नसेल तर ट्रेनने नेरूळ आणि पुढे हार्बर लाइन, किंवा मोऱ्याची लाँच. पर्समध्ये ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर, आणि हायपो झाला तर नर्सला लगेच सांगायचं, एन्डोस्कोपी लांबली तरी चालेल.

निदान पक्कं झाल्यावर

औषध नाही. आयुष्यभर ग्लूटेन बंद, हाच इलाज. हे ज्यांच्यामुळे कळलं ते डॉक्टर विलेम डिके हॉलंडचे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे उपासमार झाली, पाव मिळेना. इतर मुलं वाळत होती आणि त्यांच्या वॉर्डातली सीलिअ‍ॅकची मुलं सुधारत होती. पाव परत आला तशी पुन्हा आजारी पडली. त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता, १९५० साली त्यांनी तो प्रबंधात मांडला.

आपलं नशीब चांगलं की आपल्या स्वयंपाकात ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, डाळी, मासे, मटण सगळं आहे. घावणे, सांदण, तांदळाची भाकरी चालतात. अडचण लपलेल्या गव्हाची. हलीममध्ये गहू, शीरखुर्म्यात गव्हाच्या शेवया, हॉटेलच्या कबाबात पावाचा चुरा, दुकानातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा पीठ. आजारी माणसाला आपल्याकडे मायेने तलबीना देतात, ती जवाची असते, म्हणून या मुलांना नाही. आणि चक्की. गव्हानंतर त्याच जात्यावर तांदूळ दळला तर पीठ सुरक्षित राहत नाही. आम्ही धुतलेले तांदूळ घरच्या मिक्सरवर दळतो, किंवा पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं पीठ आणतो. आपल्या देशात असं लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही.

इन्सुलिनही बदलतं. आतडं भरून येऊ लागलं की अन्न पूर्ण लागतं, मग डोस वाढवावा लागू शकतो. तांदळाच्या पिठाने शुगर पटकन चढते, ज्वारी-बाजरी त्या मानाने बरी. पहिले दोन महिने आम्ही रोज सात-आठ वेळा शुगर तपासली. शाळेच्या बॅगेतलं हायपोचं बिस्किट गेलं, त्याजागी ग्लुकोज पावडर आणि साखर आली.

रमजानबद्दल विचारणारे खूप आहेत. टाइप वनच्या मुलाने रोजा ठेवायचा की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा. सीलिअ‍ॅकचं निदान व्हायचं असेल किंवा नुकतं झालं असेल तर शुगरचा भरवसा नसतो, त्या वर्षी रोजा टाळलेलाच बरा. बीमार माणसाला दीनमध्ये सवलत आहे. मुलीला वाईट वाटतं म्हणून आम्ही इफ्तारच्या दस्तरख्वानावर तिची वेगळी प्लेट मांडतो, खजूर, फळं, बेसनाची भजी. तेल वेगळं, कारण समोशाच्या तेलात तळलं तर सगळं फुकट.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो. काही घरांत मुलीची टेस्ट मुद्दाम टाळली जाते, उद्या निकाहच्या वेळी दोन-दोन आजार सांगावे लागतील म्हणून. लपवल्याने आजार जात नाही. न सांभाळलेला सीलिअ‍ॅक मात्र पुढे हाडांवर आणि बाळंतपणावर येऊ शकतो.

सीलिअ‍ॅक असलेल्याच्या सख्ख्या भावंडांत आणि आईबापांत शंभरात साधारण सात-आठ जणांना हा आजार निघतो, म्हणून डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना रक्त द्यायला लावलं. अम्मी-अब्बा दोघांचे रिपोर्ट नॉर्मल आले. धाकट्याचाही आला, त्याची दोन वर्षांनी पुन्हा करायची आहे आणि तोवर त्याचा पाव चालू आहे. मुलीची टीटीजी सहा महिन्यांत निम्म्यावर आली, हिमोग्लोबिन साडेअकरा झालं. आता पुढची तपासणी मार्चमध्ये.