शोभिवंत कोळंबीचे आरोग्य : आधी पाणी, मग खनिजे

शोभिवंत मासे पाळून विकण्याचा जोडधंदा आता अनेकांच्या परिचयाचा आहे. त्याच सोयीत काचेच्या टाकीत किंवा सिमेंटच्या लहान हौदात चेरी कोळंबी (निओकॅरिडिना डेव्हिडी) वाढविता येते. ही लाल रंगाची, जेमतेम इंचभर लांबीची, गोड्या पाण्यातील कोळंबी. जंबो कोळंबीप्रमाणे तिच्या पिलांना निमखारे पाणी लागत नाही. मादी २० ते ३० अंडी पोटाखाली बाळगते व तीन ते चार आठवड्यांत पिले बाहेर पडतात. पैदास सोपी असली तरी सर्व कोळंबी एका रात्रीत मरण्याचे प्रकारही घडतात. अशा मरतुकीचे मूळ बहुधा रोगात नसून पाण्यात असते.

कात टाकण्याचे महत्त्व

कोळंबीचे कवच वाढत नाही. म्हणून ती ठराविक काळाने कात टाकते. नवे कवच टणक होण्यासाठी लागणारे कॅल्शियम ती मुख्यतः पाण्यातून शोषून घेते, तर मॅग्नेशियमही थोड्या प्रमाणात लागते. हे क्षार कमी पडल्यास कवच मऊ राहते किंवा कात अर्धवट अडकून कोळंबी दगावते. पाण्यात अचानक बदल झाल्यास अवेळी कात पडते. टाकलेली कात बाहेर काढू नये. कोळंबी ती खाऊन खनिजे परत मिळविते.

पाणी कसे असावे?

१. तापमान २२ ते २६ अंश सेल्सियस.
२. सामू ६.५ ते ७.८.
३. एकूण जडपणा लिटरला १०० ते २०० मिलिग्रॅम.
४. अमोनिया व नायट्राइट अजिबात नसावे.

ओलितासाठी आपण पाण्याचे परीक्षण करतो, तसेच येथेही करावे. दख्खनच्या पठारावरील विंधन विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यात पावसाचे साठविलेले पाणी मिसळावे. उदाहरणार्थ, ४५० मिलिग्रॅम जडपणाच्या एक भाग पाण्यात दोन भाग पावसाचे पाणी मिसळल्यास जडपणा १५० वर येतो. कोकणातील जांभ्या जमिनीतील पाणी मात्र मृदू व किंचित आम्लधर्मी असते. तेथे समुद्रफेस (माकुळाचे हाड) किंवा स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचे तुकडे टाकीत ठेवावेत. आम्लधर्मी पाण्यात ते हळूहळू विरघळतात. पाणी आधीच जड असेल तर त्यांचा उपयोग नाही. बाजारातील खनिज मिश्रणेही परीक्षणाशिवाय वापरू नयेत. क्षार जादा झाल्यास कात टाकणे अवघड होते.

नळाचे पाणी २४ तास उघडे ठेवून क्लोरीन उडून गेल्यावर वापरावे. नवा सिमेंटचा हौद दोन-तीन आठवडे वारंवार पाणी बदलून मुरवावा, नाही तर चुन्यामुळे सामू वाढतो. त्यानंतर स्पंज गाळणी चालवून टाकी महिनाभर तयार होऊ द्यावी व मगच कोळंबी सोडावी. दर आठवड्याला फक्त दहावा हिस्सा पाणी, तेही त्याच तापमानाचे, सावकाश बदलावे.

खाद्य

टाकीतील शेवाळ व जिवाणूंचा बुळबुळीत थर हेच मुख्य खाद्य होय. जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा उकडलेला पालक किंवा तुतीचे पान द्यावे. दोन-तीन तासांत न संपलेले खाद्य काढून टाकावे. देशी बदामाची वाळलेली पाने टाकीत ठेवल्यास पिलांना आसरा व चारा मिळतो.

शेतावरील धोका

कोळंबी ही कीटकांची दूरची नातलग असल्याने माशांना न बाधणारे कीटकनाशकही तिला मारू शकते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे तर अत्यंत घातक आहेत. तांब्याचेही तसेच. तिच्या रक्तात तांबे असते, तरी जादा अंश विषारी ठरतो. म्हणून मोरचूद किंवा बोर्डो मिश्रणाची बादली, फवारणी पंप, तांब्याच्या भांड्यातील पाणी टाकीपासून दूर ठेवावे. फवारलेल्या पिकाचा पाला देऊ नये. फवारणी करून आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय टाकीत घालू नयेत. फवारणीच्या दिवशी हौद झाकावा.

जादा झालेली कोळंबी विहीर, ओढा किंवा तळ्यात सोडू नये. ती परकी जात आहे.

थोडक्यात, पाण्याचे परीक्षण आधी, खनिजांची भर गरजेपुरती आणि प्रत्येक बदल सावकाश, एवढे पाळल्यास मरतूक बरीच टळते.